राहीबाईची वेगळी परात

उंब्रजच्या एसटी स्टँडावर गेल्या आषाढात एक कुजबूज उठली. महामार्गाच्या कडेला खानावळ चालवणाऱ्या राहीबाईनं म्हणे आपला नवरा दिराच्या हातून संपवला. दोघांचं आधीपासूनच होतं. दीर चौदा वर्षं आत बसून आला, आणि आता दोघं राजरोस एका छपराखाली भाकऱ्या विकतात. पुरावा काय? तर पुरावा छापील होता, रंगीत होता, आणि चांगला बारा फूट लांब होता. त्या पुराव्यापाशी आपण येऊच, घाई नको. कुजबूज ऐकायची तर आधी चहा सांगावा लागतो.

ही कुजबूज चालवली बयाबाईनं. बयाबाई बांगड्या भरते. डोक्यावर पेटी घेऊन ती उंब्रजपासून पार मेढ्यापर्यंत हिंडते. बाईचा हात हातात घेऊन बांगडी चढवताना जेवढं ऐकायला मिळतं, तेवढं कोर्टातल्या जज्जालासुद्धा मिळत नसेल. वाटेवरच्या सगळ्या गावांतल्या बायकांच्या मनगटांची मापं तिला पाठ. कुणाचा हात लोण्यासारखा, कुणाचा लाकडासारखा, कुणाच्या हातावर वळ आहे आणि तो कशाचा, सगळं ठाऊक. फक्त राहीबाईच्या मनगटाला तिचा हात कधी लागला नव्हता. नवरा गेल्यापासून राहीबाई बांगड्या भरत नाही. बयाबाईला याचाच राग होता असं लोक म्हणतात. बयाबाई म्हणते, "मला कशाचा राग? जे डोळ्यांनी वाचलं ते बोलले. लिवणाऱ्यानं लिवायचं न्हाई मग."

राहीबाई मूळची उंब्रजची नव्हे. तारळी नदीच्या वरच्या अंगाला डोंगराच्या बेचक्यात तिचं सासर. गावाचं नाव सांगून त्या गावाला आणखी कशाला छळायचं? तिचा नवरा बाळासो आणि धाकटा दीर भाऊसो, या दोघांची विहीर सामायिक होती. चार दिवस मोटर याची, चार दिवस त्याची. दोन भाऊ आणि एक विहीर म्हटल्यावर पुढचं आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाळी कुणी मोडली यावरून त्या गावात आजही दोन तट आहेत. एका दुपारी भाऊसोनं भावाच्या डोक्यात खोरं घातलं. बाळासो उसाच्या सरीतच गेला. भाऊसोला जन्मठेप लागली. राहीबाईनं सात वर्षांच्या लेकीला, दीपमालेला, हाताशी धरलं, जमीन वाट्यानं लावली, आणि उंब्रजला येऊन खानावळ टाकली. नवऱ्याचा खून झाला एवढंच उंब्रजला माहीत होतं. कुणी केला हे कुणी विचारलं नाही, कारण राहीबाईला काही विचारायचं म्हणजे ताटात आमटी कमी पडण्याची भीती.

खानावळ चालली. ट्रकवाले, एसटीचे कंडक्टर, बाजाराला आलेले शेतकरी, सगळे तिच्या भाकरीसाठी थांबत. पण भाकरी थापायला बाई मिळायची नाही. एक होती ती महाबळेश्वरला हॉटेलात लागली, दुसरी लेकाकडं पुण्याला गेली, तिसरी आठ दिवस आली आणि म्हणाली, "आवं, ह्यापरास ऊस तोडल्याला बरा." मग राहीबाई एकटीच पहाटेपासून थापत बसायची.

अशा एका सकाळी अबोली तिच्या दारात स्कूटी लावून उभी राहिली.

अबोली सांगलीची. समाजकार्याची पदवी घेतलेली, आणि 'दुसरा दरवाजा' नावाच्या ट्रस्टमध्ये नोकरी करणारी. ट्रस्टला पैसा मुंबईच्या मोठ्या लोकांचा. जेलमधून सुटलेल्या माणसाला राहायला जागा आणि हाताला काम शोधून द्यायचं, आणि जो कुणी त्याला कामावर ठेवील त्याला पहिल्या वर्षाचा पगार ट्रस्टनं द्यायचा, अशी योजना होती. कागदावर लय सुंदर. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून अबोली एकटीच. ट्रस्टचं नाव दुसरा दरवाजा, पण पहिला दरवाजा कुठं असतो हेच तिला दोन वर्षांत सापडलं नव्हतं. गॅरेजवाला म्हणायचा, पोरगं चांगलं आहे पण गिऱ्हाईक बिचकतं. खोलीवाला म्हणायचा, माझं काही नाही हो, बायको नको म्हणते. बायको म्हणायची, माझं काही नाही हो, सासूबाई. अबोलीच्या स्कूटीची दोन टायरं झिजली आणि चेहऱ्यावरचं हसू त्याच मापात झिजलं.

"मावशी, भाऊसोंचं सुटायचं आलंय," अबोली दारातूनच म्हणाली.

राहीबाईचे हात परातीत होते. ते थांबले नाहीत. "मंग?"

"राहायचा पत्ता लागतो. आणि नात्यातल्या एका माणसाची हमी. त्यांच्या बायकोच्या माहेरी जाऊन आले, ती सहा वर्षांपूर्वीच वारली. गावात भावकी दार उघडत नाही. घर पडलंय."

"मंग माझ्याकडं कशापायी आलीस?"

"यादीत तुमचं नाव शेवटी होतं."

"शेवटी म्हंजी?"

अबोलीनं खाली बघितलं. "म्हणजे मीच ते शेवटी ठेवलं होतं. तुमच्याकडं यायची मला लाज वाटत होती."

राहीबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वर पाण्याचा हात फिरवला. उजव्या मनगटावर फडकं घट्ट बांधलेलं होतं. पाणी सुकल्यावर भाकरी उलटली. मग तिनं विचारलं, "आत काय काम करत हुता?"

"स्वयंपाकघरात होते. चपात्या. शेकड्यांनी."

"भाकरी येती?"

हा प्रश्न ट्रस्टच्या कुठल्याच फॉर्मात नव्हता. "शिकतील," अबोली म्हणाली.

"आन् हमी म्हंजी काय करायचं?"

"सही. ते इथंच राहतील. महिन्याला पोलीस ठाण्यात हजेरी. हा पत्ता सोडून कुठं गेले तर पुन्हा आत."

राहीबाईनं पिठाच्या हातानंच सही केली. कागदावर पिठाचा अंगठा उमटला तो वेगळाच. अबोली बाहेर आली आणि पुलापर्यंत स्कूटी चालवत रडत गेली. संध्याकाळी सांगलीला पोचल्यावर तिनं अहवाल लिहिला, आणि दमलेल्या, भरून आलेल्या मनानं त्यात एक ओळ घातली: क्षमाशीलतेचं असं उदाहरण मी पाहिलं नाही. अहवाल मुंबईला गेला. आपल्याकडं खतपाण्यानं जेवढं पीक येत नाही, तेवढं मुंबईत एका ओळीवर येतं.

भाऊसो आला तो मार्गशीर्षात. हातात एक कापडी पिशवी, अंगात कुणीतरी दिलेला स्वेटर, वय पन्नाशीचं पण चालणं सत्तरीचं. दाराबाहेर उभा राहिला तो उभाच. आत गिऱ्हाईकं जेवत होती. राहीबाई बाहेर आली. चौदा वर्षांनी दोघं समोरासमोर आली होती, आणि ती काय बोलली?

"चपला भाईर काढा. हात धुवा. ती मोठी परात तुमची. ही बारकी माझी. हिला हात लावायचा न्हाई."

झालं. एवढंच.

पोत्यांच्या खोलीत त्याचं अंथरूण पडलं. दुसऱ्या दिवसापासून तो थापायला बसला. चपातीचा हात तो, त्याला ज्वारी काय दाद देणार! भाकरी कडेला फाटायची, मधे जाड राहायची, एका अंगाला सोंड निघायची.

"मावशी, आज भाकरीला कर्नाटकाचा नकाशा काढलाय का?" एका कंडक्टरनं विचारलं.

"खा गप. बेळगाव तुझ्या ताटात आलंय, खूश हो."

खानावळ हसली. भाऊसोनं मान वर केली नाही. पण राहीबाईनं त्या दुपारी त्याच्यासमोर उभं राहून, त्याच्याकडं न बघता, परातीकडं बघून सांगितलं, "पाणी ऊन घ्या. कोमट न्हाई, ऊन. आन् मळताना आंग टाका आंग. रागानं मळल्याबिगर ज्वारी ऐकत न्हाई."

'रागानं' म्हणाली आणि स्वतःच आत निघून गेली.

तीन आठवड्यांत भाकरी गोल झाली. दोन महिन्यांत ट्रकवाले म्हणायला लागले, मावशीपेक्षा हा मुका बरा थापतो. भाऊसो बोलायचाच नाही, म्हणून त्याचं नाव मुका पडलं. राहीबाई त्याला नावानं हाक मारायची नाही, आणि 'भावजी' तर नाहीच. "आवं" म्हणायची. या मुलखात नवऱ्यालाही आवं, पाहुण्यालाही आवं, आणि रस्ता अडवून उभ्या राहिलेल्या माणसालाही आवं. त्यामुळं कुणाला काही कळायची सोय नव्हती.

एक गोष्ट मात्र रोज घडायची. दुपारची गर्दी सरली की राहीबाई आपली बारकी परात काढायची, मूठभर पीठ घ्यायची, मनगटावरचं फडकं दातांनी आवळायची, आणि स्वतःपुरती एक भाकरी थापायची. टोपल्यात भाऊसोच्या हातच्या वीस-पंचवीस भाकऱ्या पडलेल्या असायच्या. त्यातली ती एकही खायची नाही. दोनशे लोकांना वाढायची, कुत्र्याला घालायची, स्वतः शिवायची नाही. भाऊसो समोर बसून हे बघायचा. रोज. एक दिवस तो म्हणेल, वैनी, ही घ्या, असं वाटायचं. म्हणाला नाही.

अबोली महिन्याला येऊन फॉर्म भरायची. त्यात एक प्रश्न होता: लाभार्थ्याच्या मनोवृत्तीत झालेला सकारात्मक बदल, पाचपैकी गुण.

"मावशी, किती लिहू?"

"मनोवृत्तीचं मला काय म्हाईत? भाकरीला चार दे. कड अजून जाड राहती."

अबोली चार लिहायची. फॉर्म मुंबईला जायचा, आणि तिथं लोक त्या चारकडं बघून डोळे पुसायचे म्हणे.

माघात ट्रस्टचा मेळावा महाबळेश्वरला ठरला. मोठं हॉटेल, देणगीदार, स्ट्रॉबेरी. राहीबाईला आणि भाऊसोला न्यायला गाडी आली. खानावळ एक दिवस बंद ठेवायची म्हणून राहीबाई सकाळपासूनच कातावलेली. घाटात तिला गाडी लागली. वर पोचल्यावर एका काचेच्या वाटीत मलई घातलेली स्ट्रॉबेरी हातात मिळाली. ती तिनं खाल्ली आणि अबोलीला म्हणाली, "चिंचंला साखर लावल्यागत लागतंय."

मग त्यांना व्यासपीठावर बोलावलं, आणि राहीबाईनं मागं वळून बघितलं. भिंतभर फ्लेक्स. एका बाजूला तिचा फोटो, पीठ लागलेल्या हातांचा. दुसऱ्या बाजूला भाऊसोचा, खाली बघणारा. मधे ट्रस्टचे अध्यक्ष, हात जोडलेले, दोघांपेक्षा मोठे. आणि वर हातभर अक्षरांत: पतीच्या खुन्याला, सख्ख्या दिराला, तिने माफ केले.

राहीबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं ते एकदा वाचलं. लांबूनच एकेका अक्षरावर बोट धरून पुन्हा वाचलं.

अध्यक्षांनी क्षमेवर दहा मिनिटं भाषण केलं. भले गृहस्थ होते, त्यांच्यात काही वाईट नव्हतं. भाषण संपल्यावर एका मुलीनं ताट आणलं. ताटात भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. अध्यक्ष म्हणाले, "राहीताई, तुम्ही आपल्या हातानं यांना एक घास भरवा." चार कॅमेरे पुढं सरकले.

"कशापायी?" राहीबाईनं विचारलं. माईक जवळच होता, त्यामुळं सगळ्या सभागृहानं ऐकलं.

"क्षमेचं प्रतीक म्हणून."

"मी माफ न्हाई केलं."

अबोलीनं डोळे मिटले. अध्यक्ष हसले, मोठ्या माणसांना हसावं लागतं. "पण ताई, तुम्ही यांना रोज जेवू घालता."

"जेवू तर मी रोज दोनशे माणसांना घालती. सगळ्यांस्नी माफ कराय त्यांनी माझं काय केलंय?"

कुणीतरी फसकन हसलं. भाऊसो ताटाकडं बघत होता. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि बोटं थापल्यासारखी हलत होती.

परतताना राहीबाईनं एकच गोष्ट मागितली. "त्यो फ्लेक्स टाकून देणार असशीला तर मला द्या. जाड हाय."

ही आपल्या लोकांची जुनी खोड. वाढदिवसाचा असो की निवडणुकीचा, फ्लेक्स कधी वाया जात नाही. कुणाच्या गोठ्यावर पुढारी हसत असतो, कुणाच्या कडब्यावर नवरानवरी. राहीबाईनं तो घडी घालून घरी आणला आणि बाजूच्या अंगणात जळणाच्या लाकडांवर पसरला. अक्षरं खाली, पांढरी बाजू वर, चारी कोपऱ्यांवर दगड. शहाण्या माणसानं करावी तशी तजवीज. एकच चूक झाली. इकडं आषाढात वारा कसा सुटतो हे बाईला चौदा वर्षं ठाऊक होतं, पण दगड तिनं माघातल्या वाऱ्याच्या बेतानं ठेवले होते.

दरम्यान चैत्रात ट्रस्टचं पत्र आलं. मुंबईच्या मंडळींनी आता दुसऱ्या कामावर लक्ष द्यायचं ठरवलं होतं. भाऊसोच्या पगाराचं वर्ष अजून पुरं झालं नव्हतं, पण पैसे थांबले. अबोलीची बदली मधमाश्यांच्या प्रकल्पावर झाली. पत्र घेऊन ती स्वतः आली.

"मावशी, चूक माझी आहे. क्षमा हा शब्द पहिल्यांदा मीच लिहिला."

"आगं, लिवलास तर लिवलास. माशा तरी डसत न्हाईत न्हवं?"

"डसतात."

"मंग बरं चाललंय तुझं. बस, जेव."

अबोली जेवली. जेवता जेवता बसल्या जागी तिला डुलकी लागली. राहीबाईनं तिच्या पुढ्यातलं ताट हळूच काढून घेतलं आणि अर्ध्या तासानं उठवलं. पैसे थांबले हे भाऊसोलाही कळलं होतं. संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला, जावं की राहावं हे विचारायला. राहीबाई म्हणाली, "उद्या बाजार हाय. पीठ जादा मळा." उत्तर मिळालं.

आणि मग आषाढ. एका दुपारी वाऱ्याचा झोत आला, दगड घरंगळले, फ्लेक्स उलटला आणि लाकडांच्या टोकांत अडकून उभाच राहिला. महामार्गाकडं तोंड करून. कऱ्हाडला जाणारी प्रत्येक एसटी त्याच्यासमोरून गेली. कुणीतरी फोटो काढला, तो मोबाइलवरनं गावोगाव फिरला. बयाबाई पेटी घेऊन तिथंच उभी होती. तिनं सावकाश वाचलं. पतीच्या खुन्याला. सख्ख्या दिराला. तिने माफ केले.

"माफ केलं?" बयाबाई पहिल्या घरात म्हणाली. "येवढ्या सहजी?"

दुसऱ्या घरात म्हणाली, "ट्रस्टाचा पैसा बंद झालाय म्हणं. तरी ठेवलाय त्याला. कशापायी ठेवला आसंल?"

तिसऱ्या घरात तिला काही म्हणावंच लागलं नाही, घरवालीच म्हणाली. मेढ्याला पोचेपर्यंत गोष्टीला हातपाय फुटले होते, आणि मेढ्यात राहीबाईच्या दीपमालेचं सासर होतं. दीपमालेच्या सासूचा हात बयाबाईच्या हातात होता तेव्हा हिरव्या बांगड्यांबरोबर ही गोष्टही त्या घरात चढली.

दुसऱ्या दिवशी दीपमाला आली. भिजलेली, एकटी. भर जेवणाच्या वेळेला, गिऱ्हाईकांसमोर. तिला तो माणूस कोण हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर ती सात महिने आईकडं जेवली नव्हती.

"आई, लोक काय बोलतात ठाऊक आहे तुला?"

"आमटी वाढू दे, मंग बोल."

"मला सासूबाईंनी विचारलं. तोंडावर विचारलं, की तुझ्या आईचा हात होता का त्यात. काय सांगू मी?"

राहीबाईनं आमटीचं भांडं खाली ठेवलं. उजव्या हातानं ठेवताना ते कलंडलं, थोडी आमटी सांडली.

"त्याला आजच्या आज घालव," दीपमाला म्हणाली. "पैसा पण येत नाही आता. कशाला ठेवलायस? तो राहणार असेल तर मी इथं पुन्हा यायची नाही."

"घालवला तर आत जाईल. माझी सही हाय."

"जाऊ दे की! माझा बाप कुठं परत आला?"

राहीबाई पोरीच्या ओल्या केसांकडं बघत उभी राहिली. दीपमालेनं एकदा आत, चुलीकडं बघितलं. तिथं मोठ्या परातीसमोर कुणी बसलेलं नव्हतं. मागचं दार उघडं होतं.

दीपमाला आल्या पावली परत गेली. राहीबाईनं वाढणं पुरं केलं. टोपल्यात भाकऱ्या सहा उरल्या होत्या आणि बाकावर माणसं अकरा. तिनं मोठ्या परातीत हात घातला, पहिला गोळा थापायला घेतला, आणि तिचा हात मनगटातून असा काही चमकला की गोळा खाली पडला. डावीकडचा शेतकरी म्हणाला, "असू दे मावशी, भात चालंल."

"भात न्हाई आज," ती म्हणाली, जे खोटं होतं. डोक्यावर पोतं घेतलं आणि स्टँडाकडं निघाली.

भाऊसो स्टँडावरच्या बाकावर बसला होता, तीच कापडी पिशवी मांडीवर घेऊन. कोल्हापूरच्या तीन गाड्या येऊन गेल्या होत्या. तो एकीतही चढला नव्हता. कुठं जायचं हे ठरलं असतं तर चढला असता. चहावाल्याकडं बयाबाई बसलेली, कान इकडं.

राहीबाई त्याच्यासमोर उभी राहिली. पोत्यावरून पाणी निथळत होतं.

"कुठं निघालासा?"

त्यानं पिशवी उराशी धरली. मग सात महिन्यांत पहिल्यांदा धड बोलला. "वैनी, माझ्यापायी पोरगी तुटली तुमची. मी जातो. ठाण्यात सांगतो, मीच ग्येलो म्हणून. तुमच्या सहीला काय व्हणार न्हाई."

"पीठ मळून ठिवलंय."

"वैनी..."

"ऊन पाण्यात मळल्यालं पीठ ऱ्हातंय व्हय? अकरा माणसं बसल्यात. कोण थापणार, माझा बाप?"

"पोरगी म्हणती ते खरं हाय."

"खरंच हाय. पोरगी माझी हाय, मी बघीन तिचं. तुमी त्यात पडू नका. एकदा पडलासा तेवढं पुरं झालं."

हे शेवटचं वाक्य बयाबाईनं पुढं कुणालाच सांगितलं नाही. तिला ते तिच्या गोष्टीत कुठं बसवावं कळेना. भाऊसो उठला. राहीबाई पुढं, तो दहा पावलं मागं, असे दोघं रस्ता ओलांडून गेले. अकरा माणसांतली चार निघून गेली होती. सातांना भाकरी मिळाली. कड पातळ होती.

दुपार टळल्यावर राहीबाईनं आपली बारकी परात काढली, फडकं सोडून पुन्हा बांधलं, पिठात हात घातला आणि तो तसाच बाहेर काढला. बोटं मिटत नव्हती. टोपल्यात तीन भाकऱ्या होत्या, गरम. भाऊसो चुलीतली लाकडं मागं ओढत होता, पण त्याची पाठ ऐकत होती.

राहीबाईनं त्या दिवशी भात खाल्ला.

फ्लेक्स अजून जळणावर आहे, अक्षरं खाली. आता कोपऱ्यांवर जात्याचे फुटके दगड ठेवलेत. अबोली कधीमधी मधाची बाटली घेऊन येते आणि जेवून जाते. दीपमालेचा फोन रविवारी येतो. येणं अजून नाही. भाऊसो महिन्याच्या एक तारखेला ठाण्यात हजेरी लावतो आणि बाजारच्या दिवशी साडेतीनशे भाकऱ्या थापतो. राहीबाई बारकी परात रोज काढते. ज्या दिवशी बोटं मिटत नाहीत त्या दिवशी भात. कुजबूज आता जुनी झाली, बयाबाईपाशी नवी आहे, पण अजूनही एखादा नवखा कंडक्टर हात धुताना हळूच विचारतो, काय हो, ते खरं का?

खून भाऊसोनं एकट्यानं केला. राहीबाई जेवण घेऊन बांधावर आली होती, तिनं तो डोळ्यांनी बघितला, आणि कऱ्हाडच्या कोर्टात तसंच सांगितलं. तिच्याच साक्षीवर त्याला जन्मठेप झाली. तिनं त्याला माफ केलेलं नाही. तिचं उजवं मनगट कामातून गेलं होतं, आणि उंब्रजमध्ये भाकरी थापायला दुसरं माणूस मिळत नव्हतं.